पेणच्या डॉक्टरीणबाई आणि रोह्याची चिमी

डॉ. यशोदाबाई म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट पेणला त्यांच्या दवाखान्यात झाली. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी बाहेर पडलो होतो आणि बाईंना साहाय्यक हवा आहे असे कळल्यावरून सातारा जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून एस.टी.ने आलो होतो. मी आत शिरलो तेव्हा बाई खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव?"

"दिनकर."

"ये इकडे. बघ, काय दिसतंय ते सांग."

मी डोळा लावला. काही बुडबुडे दिसले, काही कचरा दिसला. तसे मी सांगितले.

"बुडबुडे सोड. त्यांच्या बाजूला गोल, जाड सालीचं, आत काळपट. दिसलं?"

दिसले.

"गोलकृमीचं अंडं आहे ते. जवळच्या जोहे गावाहून एक मांजराचं पिल्लू आलंय. जीव एवढासा आणि पोट मात्र टम्म. आता सांग, तू इथे काय शिकायला आलास?"

गाई-म्हशी आणि बैलांचे काम शिकायला आलो, असे मी सांगितले. आमच्या घरी बैलजोडी होती, आणि जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैलांचा डॉक्टर अशीच माझी समजूत होती. बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "उद्यापासून ये," एवढेच म्हणाल्या.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांनी आम्हा सर्वांवर केलेली माया यांविषयी लिहावे, असे गौरव समितीने मला कळवले. ते मी लिहिणार आहे. परंतु त्यांच्या मोठेपणाची जी गोष्ट मला सर्वांत जवळून ठाऊक आहे, ती सांगायची तर माझा खुजेपणाही सांगावा लागतो. तो वगळून मी चार पाने कौतुकाची लिहिली असती, तर ती छापून आल्यावर मला बाईंसमोर उभे राहवले नसते. म्हणून त्यांची परवानगी घेऊन हे लिहीत आहे.

बाईंचा जन्म धरमतर खाडीच्या काठच्या एका गावातला. वडील मिठागरावर काम करत. घरात शिकलेले कोणी नव्हते. अशा घरातली मुलगी मुंबईला जाऊन पशुवैद्यक शिकली, काही वर्षे तिने सरकारी नोकरी केली आणि मग पेणला स्वतःचा दवाखाना काढला. खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायका त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि त्यांच्याशी आपल्या बोलीत बोलत. बाईही त्यांच्याशी त्याच बोलीत बोलत. माझ्याशी मात्र पुस्तकी मराठी. रागावल्या की तिथेही बोली येई.

विष्ठा तपासण्याची त्यांची पद्धत साधी होती. पाण्यात मीठ घालत जायचे, ते विरघळेनासे झाले की थांबायचे. त्या पाण्यात विष्ठा कालवून गाळायची, छोट्या नळीत काठोकाठ भरायची आणि वर काचेचा पातळ तुकडा ठेवायचा. जंतांची अंडी हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. मीठ त्यांच्या भावाच्या मिठागरातले असे. "आमच्या बापानं आयुष्यभर पिकवलं त्याचा हा एवढा उपयोग त्याला ठाऊक नव्हता," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या.

जंतांच्या बाबतीत बाई कोणालाही लाजवत नसत. ही गोष्ट मला त्या वेळी क्षुल्लक वाटली, आज ती सर्वांत मोठी वाटते. मांजराच्या पोटात जंत निघाले की लोकांना आपल्या घराची बदनामी झाल्यासारखे वाटे. जोह्याच्या त्या पिल्लाची मालकीण गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी तरुण सून होती. पिल्लाने सकाळी शेवयांसारखे लांब, पांढरे जंत ओकले होते. सासू तिला घालूनपाडून बोलली होती. ती दवाखान्यात आली ती पदराने तोंड झाकून. रंगाने माखलेल्या बोटांत एक औषधाची रिकामी बाटली होती, आणि त्या बाटलीत ते जंत.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "आणलंस ते लय चांगलं केलंस गो. टाकून दिलं असतंस तर मी काय बगणार होते?" मग त्यांनी तिला समजावून सांगितले की पिल्लांना हे जंत बहुधा आईच्या दुधातूनच येतात, त्यात तिचा काही दोष नाही. पिल्लाचे वजन केले, त्या वजनाला औषध मोजले. एकदा देऊन भागत नाही, पोटात अजून वाढत असलेले जंत पहिल्या वेळी सुटतात, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. घरातल्या पोरांनी मांजराशी खेळून झाले की हात धुवावेत आणि मांजराची घाण रोजच्या रोज उचलून पुरावी, हेही सांगितले. जाताना त्या मुलीच्या तोंडावरचा पदर खाली आला होता.

मी हे सर्व बाजूला उभा राहून पाहत होतो आणि बाहेर कोणी बैल घेऊन आले आहे का, इकडे माझे लक्ष होते.

आता रोह्याविषयी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाई रोह्याला जात. तिथे त्यांना सुरुवातीला जागा मिळेना, कारण दारात शेण पडेल म्हणून कोणी जागा देत नव्हते. शेवटी सारामावशींनी आपल्या घरापुढची ओटी दिली. सारामावशी ज्यू होत्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या, आमच्याहून चांगली कोकणी मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या नात्यातली बहुतेक घरे इस्रायलला निघून गेली होती. यजमान वारले होते. एकुलती एक मुलगी दीना, तीही नवऱ्यामुलांसह गेली होती. मावशी मागे राहिल्या होत्या आणि त्यांच्याजवळ दीनाची मांजर चिमी होती. दीनाच्या प्रत्येक पत्रात चिमीची चौकशी असे. मावशी ते पत्र ओटीवर आणून बाईंना वाचून दाखवत. बाई त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान, पण दोघींचे बोलणे बहिणींसारखे चाले. शुक्रवारी संध्याकाळी मावशींच्या घरी त्यांच्या धर्माच्या रिवाजाप्रमाणे दिवे लावायचे असत, म्हणून बाई त्याआधीच ओटी धुऊन मोकळी करून देत. घरात काही कार्य असले की गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांच्या मलिद्याची एक ताटली बाईंसाठी झाकून ठेवलेली असे.

मला येऊन वर्ष झाले होते. एका मंगळवारी धरमतरकडच्या एका गावात म्हैस अडली म्हणून बाई तिकडे गेल्या आणि रोह्याला मला एकट्याला पाठवले. मी फार खूश होतो. ओटीसमोर चारपाच शेतकरी बैल घेऊन उभे होते आणि मी त्यांच्यासमोर बाह्या सरसावून काम करत होतो. तेवढ्यात आतून सारामावशी चिमीला कडेवर घेऊन आल्या. दुसऱ्या हातात कागदाची पुडी होती.

"डाक्टर, हिच्या शेपटीखाली तांदळागत कायतरी दिसतं. मला आदी वाटलं भाताची शितं चिकटली. पन हालतात रे बाबा. पुडीत आनलेत, बघ."

एक शेतकरी हसून म्हणाला, "मावशी, मांजरीला कसली दवा करता? आमचे बैल खोळंबलेत हितं."

सगळे हसले. मीही हसलो. आजही मला ते हसणे ऐकू येते. बाई असत्या तर त्यांनी आधी पुडी उघडली असती. मी पुडीला हातही लावला नाही. जंत म्हणजे जंत, असे म्हणून मी समोरची शेळ्यांच्या जंतांच्या औषधाची बाटली उचलली, वजन न करता अंदाजाने औषध सिरिंजमध्ये ओढले आणि चिमीला टोचले. "झालं मावशी, घेऊन जा," म्हणालो आणि बैलाकडे वळलो.

अर्धा तास गेला असेल. आतून मावशींची हाक आली, ती हाक नव्हती, ओरडणे होते. मी आत गेलो. चिमी जमिनीवर पडली होती. तोंडाला फेस आला होता, लाळ गळत होती, सर्वांग थरथरत होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. मला पाहताक्षणी कळले. शेळीला चालते ते औषध मांजराला फार थोड्या मात्रेतही जड जाते, हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. मी तिचे तोंड पुसले, तिला कुशीवर वळवले, जे सुचेल ते केले. गावाबाहेरच्या कंपनीचा दुपारच्या शिफ्टचा भोंगा वाजला तेव्हा ती गेलेली होती.

मावशी तिच्याजवळ बसून होत्या. त्यांनी विचारले, "काय झालं रे?"

त्या क्षणी मी खरे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "पोटात जंतांचा गोळा झाला होता, मावशी. तुम्ही फार उशीर केलात."

"कालच दिसलं मला."

"आत कधीपासून असणार. अंथरुणात घेऊन झोपता, स्वच्छता नको का ठेवायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "दीनाला काय लिवू मी?" एवढेच त्या म्हणाल्या. चोवीस वर्षांच्या मुलाने साठीच्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच मेलेल्या मांजरीसमोर ऐकवलेले हे शब्द आहेत. ते मी कधीही, कोणालाही सांगितले नव्हते. आज लिहिले. नोंदवहीत मी लिहिले, 'जंतांचा तीव्र प्रादुर्भाव, उपचारास विलंब.' औषधाच्या नावाची जागा कोरी ठेवली.

शुक्रवारी बाई रोह्याला आल्या. मावशींचा चेहरा पाहून त्यांनी विचारले आणि मावशींनी सगळे सांगितले. स्वतःलाच दोष देत सांगितले. "माज्यामुलं मेली गो यशोदे. मी उशीर केला. घर घान ठेवलं." बाईंनी पुडी मागितली. ती अजून कोनाड्यात होती. बाईंनी ती उघडली, आतले वाळून तिळासारखे पिवळट झालेले दाणे बोटावर घेऊन पाहिले. मग विचारले, "औषध दिल्यावर किती वेळानं लाळ गळायला लागली?"

"अर्धा घंटा झाला आसंल."

बाईंनी नोंदवही पाहिली. मग कपाटातली शेळ्यांच्या औषधाची बाटली पाहिली. माझ्याकडे त्यांनी फक्त एकदा पाहिले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

बाई मावशींसमोर खाली बसल्या. "सारामावशी, तुमी काय उशीर केला नाय. घर पन घान नाय. चिमीला चुकीचं औषध गेलं. जंतानं ती मेलीच नसती. हा दवाखाना माजा हाय, औषधं माजी हायेत. चूक माजी."

मावशींना ते कळायला वेळ लागला. कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू तर हितं नव्हतीस."

"नसले तरी. हा नवा हाय. बाटल्या मी लावून देते, त्यानं काय वापरायचं ते मी सांगायचं. मी नीट सांगितलं नाय."

बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मांजराला ही बाटली कधीही नाही, असे बजावून सांगितले होते. मी तोंड उघडले नाही.

 मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "यशोदे, उद्यापासून माजी ओटी मोकली कर."

बाईंनी त्याच दिवशी कपाट हलवले. पुढे स्टेशनच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा दवाखाना बसू लागला. उन्हाळ्यात तिथे उभे राहवत नसे. गावात बोलले गेले की बाईंनी चुकीचे औषध देऊन मावशींचे मांजर मारले. काही महिने रोह्याची कामे निम्म्यावर आली. बाई कोणालाही काही स्पष्टीकरण देत नसत.

त्या शुक्रवारी परतीच्या एस.टी.त नागोठणे येईपर्यंत बाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात ते पट्टकृमीचे तुकडे. सुटे होऊन बाहेर येतात, ताजे असले की वळवळतात. पिसवांमधून येतो तो जंत. मांजर अंग चाटतं, पिसू गिळतं. तू टोचलंस त्या औषधानं तो मरत नाही. म्हणजे मापात दिलं असतंस तरी उपयोग शून्य होता."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"ते माझं काम नाही," त्या म्हणाल्या.

याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला, ते काम माझे होते. कळूनही मी दोन वर्षे गप्प राहिलो.

चिमीचे एक पिल्लू मावशींकडे होते. तांबूस रंगाचे, म्हणून त्याचे नाव तांबू. त्यालाही तेच दाणे दिसू लागले तेव्हा मावशींनी मला निरोप पाठवला, "त्या बाईचा हात नको. तुला सांगितलं तेवडंच तू केलंस, तू ये." मी बाईंना सांगितले. मला वाटले, त्या मला थांबवतील. त्यांनी मुंबईहून पट्टकृमीवरच्या गोळ्या मागवल्या, ताजव्यात पिल्लाचे वजन कसे करायचे, गोळी जिभेच्या मुळाशी कशी ठेवायची, गळा कसा चोळायचा, हे मला आपल्या दवाखान्यातल्या मांजरावर करून दाखवले. "नुसती गोळी देऊन येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "पिसवा राहिल्या तर महिन्यात जंत परत येईल. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात काढायला सांग, कोपरे झाडायला सांग, पिल्लाचं अंग बारीक फणीनं विंचर. आणि हिरड्या बघ. पांढऱ्या फटक असतील, शी काळी होत असेल, तर रक्त पिणारा जंत असू शकतो. तसं असलं तर नमुना इकडे आण."

त्यांनी सांगितले तसे मी सगळे केले. तांबू बरा झाला, चांगला गलेलठ्ठ झाला. दर महिन्या-दोन महिन्यांनी मी मावशींकडे जात असे. त्या मला चहा देत, जेवून जा म्हणत. शेजारणीला सांगत, "हा पोरगा हुशार हाय, त्याच्या हाताला गुन हाय. त्या बाईकडं राहून वाया जातोय." मी चहा पीत ऐकून घेत असे. हे कौतुक ज्या हातांना मिळत होते ते बाईंनी शिकवलेले होते, आणि ज्या बाईंना शिव्या मिळत होत्या त्यांनी त्या माझ्या वाट्याच्या घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी ओटीच्या पायऱ्या उतरताना ठरवायचो की पुढच्या खेपेला सांगीन. पुढच्या खेपेला तांबूच्या कानात मळ आहे की नाही, असे काहीतरी बोलून परत यायचो.

पेणला पोहोचल्यावर बाई विचारत, "वजन किती भरलं?" मी सांगे. त्या वहीत लिहून ठेवत. मग क्वचित विचारत, "मावशींचा गुडघा कसा आहे?" दुसरे कधी काही विचारले नाही.

दोन वर्षांनी मावशींनी घर विकले. दीनाने त्यांचे कागदपत्र करून बोलावणे धाडले होते. निघायला तीन दिवस उरले असताना त्यांनी मला बोलावले. घरात खोकी बांधलेली होती. त्यांनी तांबूला उचलून माझ्या हातात दिले.

"याला तू ने. तुज्याच हातात देते. यशोदेच्या हातात देऊ नको, तेवढं मला वचन दे."

तांबू माझ्या खांद्यावर पंजे ठेवून बसला. मला वचन देता येईना. मी म्हणालो, "मावशी, चिमीला इंजेक्शन मी दिलं ते माझ्या चुकीनं दिलं. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की ते औषध मांजराला द्यायचं नाही. मी तुमची पुडी उघडली नाही. मला बैलांचं काम करायची घाई होती. तुम्ही उशीर केलात हे मी खोटं बोललो."

 मावशी म्हणाल्या, "मांजर खाली ठेव."

मी ठेवले.

"दोन वर्सं माज्या घरचा चाय प्यालास."

"हो."

"आनि ती गप रायली?"

"हो."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तांबूला टोपलीत घातले, वरून फडके बांधले. "मला पेनला ने. आत्ता."

रोह्याहून पेणपर्यंत एस.टी.त त्या टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी पलीकडच्या बाकावर होतो. 

दवाखान्यात बाई एका शेळीच्या पायाला पट्टी बांधत होत्या. मावशींना दारात पाहून त्यांचे हात थांबले. मावशी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यशोदे, तू मला फसवलंस."

"नाय मावशी."

"खोटं बोललीस. चूक याची व्हती."

"दवाखाना माजा व्हता," बाई म्हणाल्या. "खोटं नाय बोलले."

"आनि मी तुला घरातनं काढलं! दोन वर्सं तुज्या नावानं बोटं मोडली. मला सांगायचं नव्हतं?"

"तुमाला रागवायला कोनतरी पायजे व्हतं. तुमी स्वताला खात व्हता. तेवडं थांबलं, मला पुरे."

मावशी रडायला लागल्या. बाईंनी पट्टी अर्धवट सोडली आणि त्यांना धरून आत नेले. शेळीवाला माझ्याकडे पाहत होता. मी उरलेली पट्टी बांधली. आतून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, मध्येच रडणे, मध्येच हसणे. दीनाला चिमीविषयी त्या वेळी काय लिहिले होते आणि आता खरे काय सांगायचे, असे काहीतरी चालले होते. तासाभराने मावशी बाहेर आल्या. तांबू आत बाईंच्या टेबलाखाली बसला होता. बाई त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. मावशी माझ्या बाजूने गेल्या पण थांबल्या नाहीत. त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. बाईंना पत्रे येत असत, त्यांत इतर सर्वांची नावे घेऊन चौकशी असे. माझे नाव नसे. त्यांनी मला क्षमा केली अशी गोड गोष्ट मी इथे लिहू शकत नाही. काही वर्षांनी दीनाचे पत्र आले की मावशी गेल्या.

त्या दिवशी स्टँडवरून परत आल्यावर बाई मला आता काढून टाकतील असे मला वाटले होते. मी तसे विचारलेही.

"काढायचं असतं तर तेव्हाच काढलं असतं," त्या म्हणाल्या. "तांबूचं वजन घे. नवीन कार्ड कर."

मी बाईंकडे आणखी सहा वर्षे राहिलो. नंतर माझ्या भागात स्वतःचा दवाखाना काढला. माझ्याकडे शिकायला येणारी मुले म्हणतात की सर मांजर टेबलावर आले की फार सावकाश काम करतात. खरे आहे. आधी वजन, मग मालकाने काय आणले आहे ते पाहणे, मग विष्ठेची तपासणी आणि सर्वांत शेवटी औषध. ही माझी पद्धत नव्हे, बाईंची आहे. या ग्रंथात बाईंच्या हाताखाली शिकलेले पुष्कळजण लिहीत आहेत. त्यांनी वाचवलेल्या म्हशी, त्यांनी गावोगाव घेतलेली लसीकरणे, शिकायला मदत केलेल्या मुली, हे सर्व ते लिहितील आणि ते सर्व खरे असेल. माझ्या वाट्याला ही एक गोष्ट होती.

हा लेख मी आधी बाईंना वाचायला दिला. त्या आता चष्म्याशिवाय वाचू शकत नाहीत, पण अजून रोज सकाळी दोन तास दवाखान्यात बसतात. त्यांनी सगळा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पिसवांचं नीट लिहिलंस ते बरं केलंस. लोक गोळी देतात आणि पिसवा विसरतात. शेळ्यांचं औषध मांजराला देऊ नका, हेही ठळक छापायला सांग. कोणाच्या तरी उपयोगी पडेल." लेख माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "बाकीचं तुझं तू बघ."

बाकीचे माझे मी पाहतो आहे. सारामावशींना मी उशिरा का होईना सांगितले. पण बाईंना मी आजवर कधीही ‘चुकलो’ म्हटलेले नाही. त्यांना सगळे ठाऊक होते, म्हणून म्हणायचे राहून गेले, आणि राहून जाऊ देणे मला सोयीचे होते. तीस वर्षे मी त्यांच्या पाया पडलो, दिवाळीला भेटायला गेलो, पण ते वाक्य बोललो नाही. म्हणून आज इथे, त्यांचे सर्व आप्त, विद्यार्थी आणि खारेपाटातली माणसे वाचतील अशा ठिकाणी लिहितो. बाई, मी चुकलो. ओटी तुमची गेली, नाव तुमचे गेले, दोन वर्षे एक जिवाभावाचे माणूस तुमच्याशी बोलले नाही, आणि हे सर्व मी समोर उभा राहून होऊ दिले. मला क्षमा करा.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांचे डोळे, त्यांचे गुडघे, त्यांचे हात त्यांना साथ देत राहोत. शतायुषी व्हा असे म्हणण्याचा मान माझ्याहून योग्य माणसांचा आहे. मी एवढेच मागतो की हा ग्रंथ हातात पडल्यानंतर मी पेणला येईन तेव्हा त्या नेहमीसारख्या आपल्या खुर्चीवर बसलेल्या असाव्यात, आणि या वेळी हे शब्द कागदावर न लिहिता, त्यांच्याकडे पाहून बोलण्याचे बळ मला मिळावे.